पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे : एका हसविणाऱ्याचें चरित्र

थोरांचीं चरित्रें वाचावयास घेतलीं म्हणजे आपली दृष्टि बहुधा रणांगण गाजविणाऱ्या वीरांकडे, नवे शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञांकडे अथवा समाजासाठीं झिजणाऱ्या सुधारकांकडे वळते. ज्यानें आपलें आयुष्य लोकांना हसविण्यांत वेचलें, अशा गृहस्थाचें चरित्र शाळेच्या वार्षिकांत कशासाठीं, असा प्रश्न एखाद्या गंभीर वाचकाच्या मनांत आल्यास त्यांत नवल नाहीं. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं आमच्या पाहण्यांत आलेला एक लहानसा प्रसंग आम्ही येथें सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या स्नेहसंमेलनास आम्ही गेलों होतों. मुलांनीं बसविलेल्या प्रहसनांत एका पात्रानें अडखळत बोलणाऱ्या गृहस्थाची हुबेहूब नक्कल केली. मंडप हशानें दणाणून गेला. आम्हीही हसलों. इतक्यांत पुढच्या रांगेंतील एक मुलगा खालीं मान घालून उठला आणि कोणाकडेही न पाहतां मंडपाबाहेर निघून गेला. तो मुलगा स्वतः बोलतांना अडखळत असे, हें आम्हांला मागाहून कळलें. आमचें हसणें मात्र त्याच क्षणीं थिजलें होतें. कशाला हसावें आणि दुसऱ्याला कसें हसवावें, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत घर करून राहिला आहे. त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांला ज्यांच्या आयुष्यांत सांपडलें, त्या पु. ल. देशपांडे यांचें हें अल्प चरित्र आम्ही बालवाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांना जाऊन आतां पाव शतक लोटलें. आज शाळेंत शिकणाऱ्या मुलामुलींपैकीं कोणाचाही तेव्हां जन्म झालेला नव्हता. तरीही त्यांचें नांव ऐकलें नाहीं असें मराठी घर क्वचितच सांपडेल.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजीं मुंबईंत गावदेवी भागांत झाला. त्यांच्या मातोश्रींचे वडील वामन मंगेश दुभाषी हे मोठे व्यासंगी गृहस्थ होते; रवींद्रनाथ ठाकुरांची गीतांजलि त्यांनीं मराठी अभंगांच्या रूपानें आणिली होती. नातवाला वाणीचा वारसा मिळाला तो या घरांतून. बालपण जोगेश्वरी व पार्लें येथें गेलें आणि शालेय शिक्षण पार्ले टिळक विद्यालयांत झालें. लहान वयांतच त्यांस पेटीचा नाद लागला आणि तो जन्मभर सुटला नाहीं. सूर, ताल आणि योग्य जागीं थांबणें या तीन गोष्टी ज्यास पेटीवर साधल्या, त्यास बोलतांनाही त्या साधाव्या यांत आश्चर्य कसलें! पुढें व्यासपीठावर त्यांच्या एका क्षणाच्या स्तब्धतेनें सारें नाट्यगृह हसूं लागे, त्याचें मूळ आमच्या मतें या पेटींत आहे.

मुंबईचें इस्माईल यूसुफ महाविद्यालय, पुण्याचें फर्ग्युसन महाविद्यालय आणि सांगलीचें विलिंग्डन महाविद्यालय येथें त्यांचें उच्च शिक्षण झालें. कायद्याची पदवी त्यांनीं घेतली, परंतु वकिली केली नाहीं. चरितार्थासाठीं त्यांनीं प्रथम कारकुनी केली, मग मुंबईच्या ओरिएंट हायस्कुलांत मुलांना शिकविलें आणि पुढें बेळगांवच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयांत मराठीचे अध्यापक म्हणून काम केलें. १९४६ सालच्या जून महिन्याच्या १२ तारखेस सुनीता ठाकूर यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. सुनीताबाई स्वातंत्र्याच्या लढ्यांत उतरलेल्या, करारी स्वभावाच्या आणि उत्तम अभिनय करणाऱ्या बाई होत्या. पतीच्या कलेला त्यांनीं जी शिस्त लावली, तिचा विचार केल्यावांचून हें चरित्र पुरें होत नाहीं. प्रयोगाची वेळ, व्यवस्था आणि पैशाचा चोख हिशेब यांकडे त्यांचें बारीक लक्ष असे. हसविणाऱ्या माणसाच्या पाठीमागें कोणीतरी न हसतां काम करावें लागतें, ही गोष्ट आपण सहसा विसरतों.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशपांडे चित्रपटसृष्टींत शिरले. १९४७ सालच्या 'कुबेर' या चित्रपटांत त्यांनीं भूमिका केली आणि त्यानंतरच्या सहासात वर्षांत अभिनय, संवाद, पटकथा, संगीत व दिग्दर्शन अशा चित्रपटाच्या बहुतेक सर्व अंगांत ते वावरले. १९५३ सालच्या 'देवबाप्पा' चित्रपटांत मोराला नाचावयास सांगणारें जें बालगीत आहे, तें आजही बालवाडींतील मुलें हातवारे करून म्हणतात. तें गीत ग. दि. माडगूळकरांचें, गायिका आशा भोसले आणि चाल देशपांडे यांची. त्याच वर्षीं आलेल्या 'गुळाचा गणपति' या चित्रपटाची कथा, पटकथा, संवाद, संगीत आणि दिग्दर्शन हें सारें त्यांचें होतें. इतकेंच नव्हे, तर त्यांतील भोळ्या नायकाची भूमिकाही त्यांनींच केली. भीमसेन जोशी यांच्या कंठांतून निघालेला त्यांतील इंद्रायणीकांठचा अभंग आजही भक्तिभावानें ऐकला जातो. एवढें यश पदरीं पडल्यावर दुसरा एखादा मनुष्य त्या झगमगाटांत कायमचा रमला असता. देशपांडे मात्र त्यानंतर त्या धंद्यापासून दूर झाले.

१९५५ सालीं ते आकाशवाणींत दाखल झाले. येथून त्यांच्या आयुष्याचा जो भाग सुरू होतो, तो आजच्या विद्यार्थ्यांस विशेष कुतूहलाचा वाटेल. आपल्या देशांत दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्ली येथें झाला. तो केवळ एक प्रयोग होता. आठवड्यांतून दोन दिवस, दर वेळीं सुमारें एक तास, एवढाच तो कार्यक्रम चाले, आणि दिल्लीच्या परिसरांत निरनिराळ्या ठिकाणीं ठेवलेल्या मोजक्या संचांवर लोक घोळक्यानें बसून तो पाहत. या नव्या यंत्राची विद्या शिकून घेण्यासाठीं ज्या थोड्या लोकांना परदेशीं पाठविण्यांत आलें, त्यांत देशपांडे होते. लंडन येथें बी. बी. सी. या संस्थेंत त्यांनीं हें शिक्षण घेतलें. या प्रवासाचें फळ म्हणून मराठी वाचकांना 'अपूर्वाई' हें प्रवासवर्णन १९६० सालीं मिळालें. परदेशांत गांगरलेल्या साध्या मराठी माणसाची त्यांत जी फजिती होते, ती लेखकाची स्वतःचीच आहे. दुसऱ्यांना हसण्यापूर्वीं स्वतःला हसण्याची ही सवय वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

दिल्लींत देशपांडे दूरचित्रवाणीचे आरंभीचे निर्माते झाले, आणि पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांची दूरचित्रवाणीवरील पहिली मुलाखत घेण्याचा मान त्यांस लाभला. निर्मात्याचें काम म्हणजे केवळ हुकूम सोडणें नव्हे. संहिता लिहविणें, पात्रें निवडणें, तालमी घेणें, प्रकाश कोठून यावा, छायायंत्र कोणत्या क्षणीं कोणाकडे वळावें, घड्याळाच्या कांट्याबरोबर सारें कसें संपावें, हें सर्व त्याच्या डोक्यांत एकाच वेळीं असावें लागतें. लेखक, नट, संगीतकार आणि दिग्दर्शक हे चारही गुण ज्याच्या ठायीं एकत्र नांदत होते, त्या माणसाला हें काम जणुं बेतूनच दिलें होतें. आज आमच्या सावेडींत प्रोफेसर कॉलनीपासून पाइपलाइन रस्त्यापर्यंत ज्या घरांत जावें त्या घरांत दूरचित्रवाणीचा संच दिसतो, आणि मुलांच्या हातांतील भ्रमणध्वनीवर तर दिवसरात्र विनोदी चित्रफिती चालू असतात. परंतु त्या काळीं हें यंत्र हातीं येणें म्हणजे सबंध देशाच्या भावी करमणुकीची किल्ली हातीं येणेंच होतें. ती किल्ली हातांत असतां देशपांडे यांनीं सरकारी नोकरीचा राजीनामा दिला.

त्यानंतर त्यांनीं जें केलें तें या सर्व यंत्रविद्येच्या अगदीं उलट दिसतें. १९५८ सालीं त्यांचें 'बटाट्याची चाळ' हें पुस्तक प्रसिद्ध झालें होतें. १९६१ सालीं त्यांनीं त्याचा एकपात्री प्रयोग रंगभूमीवर आणिला. सबंध चाळींतील बिऱ्हाडकरू, त्यांचीं भांडणें, त्यांचे उपासतापास, त्यांचीं मंडळें आणि त्यांचे शिष्टाचार एकट्या नटानें उभे करावयाचे! त्यांतील एक गृहस्थ वजन कमी करण्याचा निश्चय करतात आणि चाळींतील प्रत्येकजण त्यांस निराळा आहार सांगतो; गच्चीच्या हक्कासाठीं सारी चाळ चळवळ उभारते; प्रवासाची कल्पना निघते आणि घरून निघतांनाच तिचे बारा वाजतात. ज्या प्रकारास आज आपण विनोदी कौटुंबिक मालिका म्हणतों, तिची सारी सामग्री येथें आहे: ठरलेलें एक घर, ओळखीचीं तींच तीं पात्रें आणि प्रत्येक वेळीं एक नवा क्षुल्लक पेंच. यंत्र मात्र नव्हतें. होता केवळ एक मनुष्य आणि समोर बसलेले प्रेक्षक. आणि हसून हसून दमलेल्या त्या प्रेक्षकांना शेवटीं तो मनुष्य चाळीच्या जीर्ण भिंतींपुढें नेऊन उभा करी. जुनीं माणसें गेलीं, शेजारधर्म गेला, चाळही आतां पडावयास आली, या जाणिवेनें मघां हसणारे डोळे ओले होत.

त्यांच्या नाटकांचा उल्लेख येथें धांवताच करावा लागतो. गोगोल या रशियन लेखकाच्या नाटकावरून 'अंमलदार', स्वतंत्र नाटकांत १९५७ चें 'तुझें आहे तुजपाशीं', शॉच्या नाटकावरून 'ती फुलराणी' आणि ब्रेख्तच्या नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' हीं नांवें प्रमुख होत. परक्या भाषेंतील नाटक घेऊन त्यास मराठी मातींत असें रुजवावयाचें कीं मूळ परकें होतें हें सांगितल्यावांचून कळूं नये, ही त्यांची हातोटी होती.

परंतु आमच्या आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर खऱ्या अर्थानें मिळतें तें 'व्यक्ति आणि वल्ली' या पुस्तकांत. हें पुस्तक १९६२ सालीं निघालें आणि १९६५ सालीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. यांतील माणसें कोणी मोठीं नाहींत. दुसऱ्यांच्या लग्नांत राबणारा नारायण आहे, पुस्तकी भाषेशिवाय बोलूं न शकणारा विद्यार्थी सखाराम गटणे आहे, इतिहासांत रमणारे हरितात्या आहेत, खेडेगांवच्या शाळेंत पिढ्या घडविणारे चितळे मास्तर आहेत, आणि रत्नागिरीचा तिखट जिभेचा अंतू बर्वा आहे. या प्रत्येकाची बोलण्याची लकब लेखकानें अचूक उचलली आहे. एका अर्थीं हीही नक्कलच होय. मग स्नेहसंमेलनांतील त्या नकलेंत आणि हिच्यांत भेद तो कोणता?

भेद हा कीं, देशपांडे लकबीपाशीं थांबत नाहींत. ते लकबीच्या दारानें माणसाच्या घरांत शिरतात. सखाराम गटणेच्या छापील भाषेला आपण हसतों, पण वाचावयास भुकेलेल्या त्या सरळ मुलाची आपल्याला माया वाटूं लागते. अंतू बर्व्याच्या टोमण्यांना आपण दाद देतों, आणि मग त्या टोमण्यांच्या आड दडलेलें दारिद्र्य व एकाकीपण दिसल्यावर स्तब्ध होतों. लग्नाची धांदल वाचतांना नारायणाची धांवपळ आपल्याला मौजेची वाटते, आणि शेवटीं अशा राबणाऱ्या माणसाची आठवण कार्य उरकल्यावर किती जणांस राहते, हा विचार मनास टोंचतो. 'गणगोत' या दुसऱ्या पुस्तकांत बेळगांवचे रावसाहेब आहेत. कानडी वळणाची त्यांची रांगडी मराठी ऐकून श्रोते लोटपोट होतात. परंतु कलावंतांवर जीव ओंवाळून टाकणारा तो दिलदार पुरुष पुढें जो मनांत बसतो, तो कायमचा. ज्याची नक्कल केली त्याच्याविषयीं श्रोत्याचा आदर वाढला कीं कमी झाला, ही नकलेची कसोटी आहे, असें आम्हांला या पुस्तकावरून वाटतें.

सर्वच टीकाकार त्यांचे स्तुतिपाठक होते असें नाहीं. त्यांचा विनोद मुख्यतः शहरांतील मध्यमवर्गाच्या उंबऱ्याआंत घुटमळतो आणि गेलेल्या काळाबद्दल फार हळहळतो, असा आक्षेप अनेकांनीं घेतला आहे. त्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. शेताच्या बांधावरील माणूस, कामगार, दुष्काळानें स्थलांतर करणारें कुटुंब हीं त्यांच्या पुस्तकांत विरळा भेटतात. त्यांच्याविषयीं लिहिण्याचें काम पुढच्या लेखकांनीं केलें आणि अद्याप पुष्कळ उरलें आहे. परंतु जें जग त्यांना ठाऊक होतें त्याविषयीं ते खोटें बोलले नाहींत.

लोकांच्या हशांतून मिळालेल्या पैशाचें त्यांनीं काय केलें, हें आतां सांगितलें पाहिजे. प्रयोगांचें व पुस्तकांचें उत्पन्न मोठें होतें. राहणी मात्र साधीच राहिली. पति-पत्नींनीं पु. ल. देशपांडे फाउंडेशन हा न्यास स्थापून तें उत्पन्न समाजाकडे परत वळविलें. व्यसनाच्या गर्तेंत सांपडलेल्या तरुणांसाठीं १९८६ सालीं पुण्यांत डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं मुक्तांगण हें व्यसनमुक्ति केंद्र उभें केलें, त्याच्या आरंभास या दांपत्याचें द्रव्यसाहाय्य कारणीभूत झालें. पुणें येथील आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेंत मुलांना विज्ञानाचे प्रयोग स्वतः करून पाहतां यावे म्हणून जी शोधिका आहे, तीही याच न्यासाच्या देणगींतून झाली. तिच्या इमारतीस पुलस्त्य असें नांव आहे. सप्तर्षींतील एका ताऱ्याचें हें नांव, आणि त्याच्या पहिल्याच दोन अक्षरांत देणाऱ्याची ओळख! बाबा आमटे यांच्या आनंदवनाचेही ते निकटचे स्नेही होते. कुष्ठरोग्यांच्या हातून उभ्या राहिलेल्या त्या वसाहतीकडे त्यांनीं महाराष्ट्राचें लक्ष वेधिलें.

हसविणारा मनुष्य प्रसंग पडल्यास कणखर असूं शकतो, हेंही त्यांच्या आयुष्यांत दिसून आलें. १९७५ सालीं देशांत आणीबाणी पुकारली गेली. १९७७ सालच्या निवडणुकीच्या वेळीं देशपांडे व्यासपीठावर उभे राहिले आणि विचारस्वातंत्र्याच्या बाजूनें त्यांनीं गांवोगांव भाषणें केलीं. निवडणूक संपली; ज्यांच्या बाजूनें ते बोलले ते अधिकारावर आले. देशपांडे मात्र कोणतेंही पद न मागतां आपल्या लेखनाकडे व पेटीकडे परत वळले.

शिकण्याची त्यांची हौस तर वय पाहत नव्हती. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनीं बंगाली भाषेचा अभ्यास केला आणि त्यासाठीं शांतिनिकेतनांत जाऊन राहिले. त्यांतून 'वंगचित्रें' हें पुस्तक निर्माण झालें. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट त्यांनीं 'एका कोळियानें' या नांवानें मराठींत आणिली. बोरकर, मर्ढेकर यांसारख्या कवींच्या कवितांचें वाचन पति-पत्नी श्रोत्यांसमोर करीत, आणि केवळ हसावयास आलेले लोक कविता ऐकावयास शिकून घरीं जात. १९६६ सालीं पद्मश्री, १९७४ सालीं इचलकरंजी येथील साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद, १९९० सालीं पद्मभूषण आणि १९९६ सालीं राज्य शासनाचा पहिला महाराष्ट्रभूषण पुरस्कार, असे मान त्यांच्याकडे चालत आले.

अखेरच्या वर्षांत कंपवातानें त्यांस जर्जर केलें. ज्या हातांनीं पेटीवर सूर काढले ते थरथरूं लागले. १२ जून २००० रोजीं पुण्यांत त्यांनीं देह ठेविला. तो त्यांच्या विवाहाचा चोपन्नावा वाढदिवस होता.

मुंबई दूरदर्शनचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें आणि चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ तेथून घरोघरीं पोंचले. पुढें विनोदी मालिकांचा नुसता पूर लोटला. २०१८ सालीं देशपांडे यांच्या वल्लींवर 'नमुने' ही हिंदी मालिका निघाली. ज्या यंत्राच्या बाल्यावस्थेंत त्यांनीं त्यास हात धरून चालविलें, तें यंत्र प्रौढ झाल्यावर त्यांच्याच माणसांना घेऊन परप्रांतांतील घरांत गेलें. यंत्रें बदलतील. उद्यां तुमच्या हातांत आजच्याहून अद्भुत यंत्र येईल, आणि क्षणार्धांत हजारों लोकांना हसविण्याची शक्ति तुम्हांला लाभेल. त्या यंत्रांत घालावयाचें काय, हें मात्र यंत्र सांगत नसतें.

विद्यार्थिमित्रहो, संमेलनाचे दिवस जवळ आले आहेत. कोणी प्रहसन लिहीत असेल, कोणी नकला बसवीत असेल. हसवाच, पोटभर हसवा; आम्हीही पुढच्या रांगेंत बसून हसणार आहों. परंतु लेखणी उचलतांना मंडपाबाहेर निघून गेलेल्या त्या मुलाची आठवण ठेवा. तुमचा खेळ पाहून तो आपल्या जागीं बसून राहिला आणि सर्वांबरोबर हसला, तर या चरित्राचें मर्म तुम्हांला कळलें असें आम्ही समजूं.